चूक यंत्राची, खेटे आपले

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." गेल्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या सरकारी खिडक्यांवर सर्वांत जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य कोणतं, अशी निवडणूक घेतली तर हे वाक्य बिनविरोध निवडून येईल. यात कुणी काही नाकारलेलं नसतं आणि दोषही कुणाचा नसतो. पूर्वी "साहेब जेवायला गेलेत" असं सांगायचे, तेव्हा निदान साहेब नावाचा माणूस अस्तित्वात असायचा आणि तो जेवून परत येण्याची आशा तरी असायची.

संगणकाच्या नावानं बोटं मोडायला मी बसलेलो नाही. नोकरीची सगळी वर्षं मी बँकेत काढली. हातानं लिहायच्या लेजरपासून सगळ्या शाखा एका प्रणालीला जोडणाऱ्या कोअर बँकिंगपर्यंतचा प्रवास हाताखालून गेला. सहामाही जुळवणीला रात्री उशिरापर्यंत पैशा-दोन पैशांचा फरक शोधत बसलेल्या कुठल्याही कारकुनाला विचारा, यंत्र आल्याचं त्याला दुःख झालं नसेल. माझा आक्षेप वेगळा आहे. आपण काम यंत्राकडे सोपवलं ते ठीकच झालं. पण त्याबरोबर चूक दुरुस्त करायचा अधिकारही खिडकीवरच्या माणसाकडून काढून घेतला, आणि तो नेमका कुणाकडे गेला हे लोकांना कळेल असं कुठंच लिहून ठेवलं नाही. रोजच्या जगण्यात संगणकाचा जो जाच होतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथं सापडतं.

आपण इथपर्यंत कसे आलो हे पाहायचं तर थोडं मागं जावं लागेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली 'टिफ्रॅक' सुरू झाला, आपल्याच लोकांनी आराखडा काढून बांधलेला मोठा संगणक. त्यात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती होती 40 बिटांच्या 2,048 शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबानं जेमतेम 10 केबी. (सरकारी संकेतस्थळं हल्ली तुमचा फोटो 20 ते 50 केबीच्या आतच मागतात आणि 51 झाला की परत पाठवतात. त्या एका फोटोच्या जागेत टिफ्रॅकची सगळी स्मृती पाच वेळा बसली असती.) तेव्हा संगणक हा शास्त्रज्ञांच्या खोलीतला विषय होता. सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध येण्याचं कारणच नव्हतं.

तो कचेरीत शिरू लागला तेव्हा भांडण पेटलं ते नोकऱ्यांवरून. आयुर्विमा महामंडळानं संगणक आणायचं ठरवलं तेव्हा कोलकात्यात कर्मचाऱ्यांनी यंत्र इमारतीत येऊ नये म्हणून पहारे दिले. केंद्र सरकारनं स्वयंचलनावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर, आणि अहवाल आला 1972 मध्ये. बँकांमध्ये 8 सप्टेंबर 1983 रोजी संघटना आणि व्यवस्थापनात संगणकीकरणाचा करार झाला, त्यानंतर बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल, मग शाखांमध्ये खात्यांच्या नोंदी करणारी लेजर पोस्टिंग मशिनं. आमच्या द्वारसभांमध्ये तेव्हा एकच प्रश्न असायचा: किती माणसं कमी होणार? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पुढं कुणाच्याच अंदाजाप्रमाणं आलं नाही, ती गोष्ट वेगळी. संगणकानं काही नोकऱ्या गिळल्या, तशा वेगळ्याच नोकऱ्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत उभ्या राहिल्या. पण या वीस-पंचवीस वर्षांच्या वादात माणूस म्हणजे कर्मचारी. खिडकीबाहेर पासबुक घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं काय होणार, हा विषय सभेतही नव्हता आणि वाटाघाटीच्या टेबलावरही फारसा नव्हता.

या काळात एक काम मात्र उत्तम झालं, रेल्वेच्या आरक्षणाचं. आजच्या तिशीतल्या मुलांना खरं वाटणार नाही, पण पूर्वी प्रत्येक गाडीचं रजिस्टर वेगळं आणि खिडकीही वेगळी. चुकीच्या रांगेत तासभर उभं राहिल्यावर "ही गाडी पलीकडच्या खिडकीवर" असं ऐकायला मिळायचं. परतीच्या आरक्षणासाठी दुसऱ्या स्टेशनला तार जायची आणि उत्तर येईल की नाही याचा भरवसा नसायचा. 1985-86 मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं, ते देशभर पसरलं, 2002 पासून तिकीट घरबसल्या मिळू लागलं. ही व्यवस्था लोकांच्या अंगवळणी पडली याचं श्रेय संगणकाला दिलं जातं, तेवढंच ते टीटीईलाही द्यायला हवं. नावात अक्षर चुकलंय, वय 62 ऐवजी 26 पडलंय, आरएसीच्या, म्हणजे एकाच बर्थवर बसवलेल्या, दोघांना एक बर्थ मोकळा झालाय, असलं सगळं तो डब्यात, जागेवर, चालत्या गाडीत निस्तरतो. हातात पूर्वी कागदी चार्ट होता, आता यंत्र आहे. पण समोरच्या म्हातारीकडं बघून "बसा आजी" म्हणायचा अधिकार त्याच्यापाशी अजून आहे. हा टीटीई कल्याणच्या पुढं गाडीतून उतरवून टाका आणि प्रत्येक चुकीसाठी दिल्लीला ईमेल करायला सांगा, मग बघा त्याच संगणकाला लोक काय म्हणतात.

महसूल, रेशन, शिष्यवृत्ती, विद्यापीठं इथं आपण नेमकं हेच केलं.

लेजरच्या काळात बँकेत एक शिस्त होती. आकडा चुकला तर तो खोडरबरानं पुसायचा नाही, गिरवायचा नाही, पांढरी शाई तर अजिबात लावायची नाही. एक सरळ आडवी रेघ मारायची, अशी की जुना आकडा रेघेखालून वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला अधिकाऱ्यानं आद्याक्षरी सही करायची. एवढ्याशा जागेत तीन गोष्टी नोंदल्या जायच्या: आधी काय होतं, आता काय आहे आणि बदल कुणी मान्य केला. खातेदार काउंटरवर उभा असतानाच हे व्हायचं. साधा माणूसही ते पाहून समजायचा की चूक झाली होती आणि ती कुणाच्या तरी सहीनं दुरुस्त झाली.

आता सातबारा घ्या. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. तलाठ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हस्ताक्षरातले हे उतारे संगणकात चढवायचं काम प्रचंड होतं आणि ते झालं, याबद्दल महसूल खात्याला मान द्यायलाच हवा. आज 15 रुपयांत डिजिटल सहीचा उतारा मोबाईलवर मिळतो. तलाठी सजेत आहे की तालुक्याला मीटिंगला गेलाय, याची वाट बघत झाडाखाली बसावं लागत नाही. ही सोय छोटी नाही. पण अडीच कोटी उतारे चढवताना चुका होणारच. समजा, एखाद्याचं क्षेत्र 40 आर, म्हणजे साधारण एक एकर. टंकताना 0.40 चं 0.04 झालं. एका शून्याची जागा बदलली आणि एकराचे चार गुंठे झाले. पोटखराबा, म्हणजे न पिकणारी जमीन, लागवडीखाली धरला गेला, सामाईक खात्यातल्या एका भावाचं नाव गळलं, 'इतर हक्क' रकान्यातला कर्जाचा बोजा फेडूनही तसाच राहिला. हस्तलिखित उताऱ्याची जुनी नक्कल शेतकऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत असते. ती समोर ठेवली तर चूक शेंबड्या पोरालाही दिसेल. तलाठ्यालाही दिसते. पण तो म्हणतो, "मला दिसतंय हो, पण मला करता येत नाही."

मग जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडं अर्ज. त्यावर तलाठ्याचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्याचा अभिप्राय, संबंधितांना नोटिसा, आदेश, आदेशावरून फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, मग फेरफाराचं प्रमाणीकरण. चूक ज्यानं केली तो कंत्राटी ऑपरेटर कधीच निघून गेलेला असतो. त्याला अर्ज करावा लागला नव्हता, नोटीस काढावी लागली नव्हती, सुनावणीला बसावं लागलं नव्हतं. चूक करायला एक क्षण आणि ती काढायला सहा पायऱ्या, आणि सगळ्या पायऱ्या ज्याची काही चूक नाही त्यानं चढायच्या.

आणि मोठ्या व्यवहारात, दोन भावांच्या वादात, खरेदीखतात या पायऱ्या हव्यातच. जमिनीची नोंद कुणालाही सहज बदलता येऊ नये. माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या उताऱ्यावरून उघड दिसणारी टंकनाची चूक आणि मालकीचा वाद या दोन गोष्टींना एकाच माळेत ओवू नये.

याच खात्यानं एक फार शहाणपणाची गोष्टही केली होती. संगणकीकृत सातबारे गावोगाव चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवले, 2017 च्या सुमारास. चावडी वाचन. गट नंबर, खातेदार, क्षेत्र, सगळं जाहीर. लोक बसल्या जागेवरून सांगायचे, "अण्णांचं क्षेत्र एवढं नाही," "ती विहीर दोघांची आहे." डेटाची तपासणी करण्याची इतकी स्वस्त आणि इतकी अचूक पद्धत कुठल्या सल्लागार कंपनीनं सुचवली असती असं वाटत नाही. कारण गावातल्या जमिनीची खरी माहिती सर्व्हरमध्ये नसते, पारावर बसलेल्या चार म्हाताऱ्यांकडं असते. दुर्दैवानं हे मोहीम म्हणून झालं, आणि मोहीम म्हटली की ती संपते.

नावांचा घोळ तर घरोघरी आहे. सातबाऱ्यावर दत्तात्रय, आधारवर दत्तात्रेय, बँकेत दत्तू, शाळेच्या दाखल्यात दत्ता. आमच्या काउंटरवर हा माणूस आला की आम्ही त्याला ओळखायचो, ओळखत नसलो तर दोन खातेदारांची ओळख घ्यायचो आणि काम व्हायचं. यंत्राला मात्र हे चार वेगळे इसम वाटतात. त्याबद्दल यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही, ते अक्षरं जुळवतं. प्रश्न असा आहे की "हे चौघे एकच" असं लिहून खाली सही करायची मुभा आपण कुणालाच का ठेवली नाही? ती नाही म्हणून स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल, पुन्हा फोटो, पुन्हा फी.

2017 हे वर्ष या बाबतीत महाराष्ट्रानं विसरू नये असं आहे. त्या वर्षी मुंबई विद्यापीठानं उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं. सतरा लाखांहून जास्त उत्तरपत्रिका, तयारीला वेळ नाही, प्राध्यापकांना पुरेसं प्रशिक्षण नाही. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडत राहिले, काही उत्तरपत्रिका सापडेनात, बाहेर प्रवेश मिळवलेल्या मुलांचं नुकसान झालं. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. कुलगुरू गेले, पण निकाल 'राखीव' दिसणाऱ्या मुलाला कॉलेज विद्यापीठात पाठवायचं आणि विद्यापीठ कॉलेजात, त्याला याचा काय उपयोग? ज्याच्या टेबलावर जाऊन "माझा पेपर शोधा" म्हणावं असं एक टेबल त्याला हवं होतं.

त्याच वर्षी शेतकरी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरून घेतले. नवरा-बायको दोघांनी केंद्रावर जायचं, अंगठे द्यायचे. गावात नेट नाही म्हणून रात्री-बेरात्री रांगा लागल्या. दिवाळीच्या तोंडावर याद्या आल्या आणि त्यांत इतका घोळ निघाला की त्या मागं घ्याव्या लागल्या. पुढच्या सरकारनं डिसेंबर 2019 मध्ये कर्जमुक्ती जाहीर केली तेव्हा अर्जच ठेवला नाही. माहिती बँकांकडून घेतली, याद्या गावात लावल्या, शेतकऱ्यानं रक्कम बघून आधारनं होकार द्यायचा, रक्कम पटली नाही तर जिल्हा समितीकडं तक्रार करायची. फेब्रुवारी 2020 मध्ये पहिली यादी लागली. दोन्ही वेळी संगणक होता, आधार होतं, बँका त्याच होत्या. फरक पडला तो आधी दाखवा, मग विचारा आणि तक्रारीला जागा ठेवा, एवढ्या क्रमानं. कुठल्या पक्षाला हे श्रेय जातं यात मला रस नाही. धडा घेतला तर व्यवस्था सुधारते, याचा हा पुरावा आहे.

आता कायद्याकडं येऊ. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे हे त्यात ठरवून द्यावं लागतं, नाकारला तर लेखी कारण द्यावं लागतं, त्यावर अपील करता येतं, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे. पण पोर्टलनं त्याच्या बुडाला भोक पाडलं. कारण सगळी घड्याळं अर्ज दाखल झाल्यापासून चालू होतात. फॉर्म सबमिटच झाला नाही, "इनव्हॅलिड" असं लाल अक्षरात येऊन पान गोठलं, ओटीपी आलाच नाही, तर कायद्याच्या भाषेत अर्जच झालेला नाही. अर्ज नाही म्हणून नकार नाही, आणि नकारच नाही तर अपील कशावर करायचं? पूर्वीचा कारकून अर्ज घ्यायला कां-कूं करायचा तेव्हा आपण तो रजिस्टर पोस्टानं पाठवायचो आणि पोच पावती जपून ठेवायचो. गोठलेल्या पानाची पोच पावती कुठं मिळते?

रेशनच्या दुकानात हेच जास्त निर्दयपणे घडतं. आधारचा देशातला पहिला कार्यक्रम 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात टेंभली गावी झाला. आज रेशनचं धान्य ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटल्यावर मिळतं. ऊस तोडून, विटा थापून, भांडी घासून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांचाच अंगठा लागत नाही, आणि रेशनची गरज सर्वांत जास्त त्यांनाच. अंगठा लागला नाही तर काय करायचं याचे पर्याय शासनाच्या कागदांत आहेत. दुकानात मात्र "पुढच्या वेळी बघू" हाच पर्याय चालतो, कारण यंत्राला डावलून धान्य दिलं तर दुकानदाराला जाब विचारला जाईल आणि माणसाला रिकाम्या पिशवीनं परत पाठवलं तर कुणी विचारणार नाही. दुकानदार दुष्ट आहे असं नव्हे. त्याला शिक्षा कशाची होते आणि कशाची होत नाही, हे त्यानं बरोबर ओळखलंय.

यंत्र म्हणतं म्हणजे खरंच असणार, ही समजूत कुठवर नेते याचं सर्वांत वाईट उदाहरण ब्रिटनचं आहे. तिथल्या टपाल खात्यानं 1999 पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची प्रणाली बसवली. ती नसलेली तूट दाखवायची. गावोगावची छोटी पोस्टं चालवणाऱ्या 900 हून अधिक लोकांना त्यावरून चोरी आणि अफरातफरीच्या गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं, कित्येकांनी घरदार विकून ती 'तूट' भरली. कोर्टात गृहीतच धरलं जायचं की संगणक नीट चालत होता, तसा नव्हता हे दाखवायचं तर आरोपीनं. 2019 मध्ये उच्च न्यायालयानं त्या प्रणालीवर ताशेरे ओढले आणि 2024 मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. वीज जात नाही, नेट तुटत नाही, शिकलेले लोक आहेत, अशा देशात हे झालं. तेव्हा "आपल्याकडं इन्फ्रास्ट्रक्चर सुधारलं की होईल सगळं" म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक सरकारी पोर्टलवरचा अपयशी प्रयत्नसुद्धा क्रमांकासह नोंदला जावा आणि मुदतीचं घड्याळ तिथपासून चालू व्हावं. सर्व्हर बंद असेल तर खिडकीवर कागदी अर्ज घेऊन शिक्का मारून देणं बंधनकारक असावं. रबरी शिक्का फार महाग नसतो. आणि उघड लेखनचुकांसाठी, ठरावीक मर्यादेत, सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला दुरुस्तीचा अधिकार परत द्यावा.

या शेवटच्या मागणीवर लगेच आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही: तलाठ्याच्या हाती पुन्हा अधिकार दिला की पुन्हा चिरीमिरी सुरू, त्यातून सुटायलाच तर संगणक आणला. पण चिरीमिरी खरंच गेली का? 15 रुपयांच्या उताऱ्यासाठी, फुकट भरायच्या फॉर्मसाठी लोक एजंटाला किती देतात, हे कुठल्याही तालुक्याच्या बस स्टँडसमोरच्या टपरीत जाऊन पाहावं. कुठल्या रकान्यात काय टाकलं की पोर्टल घेतं, हे त्याला पाठ असतं. अधिकार नाहीसा झालाच नाही, तो ज्याला ना हुद्दा, ना सेवापुस्तिका, ना बदलीची भीती, अशा माणसाकडं गेला. तलाठ्यावर निदान चौकशी तरी लावता येते.

शिवाय कागदाच्या काळात शाईचा फेरफार पकडणं अवघड होतं, आज तसं नाही. कुणी, कधी, कुठल्या लॉगिनवरून, आधीचा आकडा कोणता आणि नंतरचा कोणता, हे सगळं यंत्र आपोआप लिहून ठेवतं. खालच्या माणसाला अधिकार देऊन त्याच्यावर नजर ठेवणं इतकं सोपं कधीच नव्हतं. तलाठ्यानं महिन्याभरात केलेल्या दुरुस्त्यांची यादी दर महिन्याला चावडीवर वाचली, तर लबाडी किती दिवस टिकेल? गावात दुसऱ्याचा सातबारा तोंडपाठ असणारे लोक काही कमी नाहीत.

यापुढचा टप्पा तर दारातच उभा आहे. अर्जांची छाननी एआय करणार, लाभार्थी पात्र की अपात्र हे तो सुचवणार, शंकांना चॅटबॉट उत्तर देणार. करू दे. पण त्या कामाच्या निविदेतच एक अट घालावी: अपात्र ठरलेल्या प्रत्येक अर्जाखाली निर्णय फिरवण्याचा अधिकार असलेल्या एका माणसाचं नाव, हुद्दा, कार्यालयाचा पत्ता आणि भेटीची वेळ छापली गेली पाहिजे, आणि तो माणूस शक्यतो त्याच तालुक्यात बसणारा असला पाहिजे.